द्राव्य कोण, द्रावक कोण: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.एस्सी. करून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपन्यांत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासण्याच्या कामाला) लागणाऱ्या मुलामुलींना मी आधी साखरेच्या पाकाबद्दल विचारते. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात जवळपास २०० ग्रॅम साखर विरघळते. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं ते द्रावक. मग यात द्रावक कोण? "साखर, कारण ती जास्त आहे," असं उत्तर हमखास येतं. जे जास्त ते द्रावक, हा नियम शाळेत चालून जातो. इथे साखरेनं आपलं घनरूप सोडलं, पाणी द्रवच राहिलं. म्हणून द्रावक पाणीच. अल्कोहोल आणि पाण्यासारखे दोन्ही घटक द्रव असले, की मात्र प्रमाण बघायचं.

खरी परीक्षा द्रावण करताना होते. १ मोलर (लिटरभर द्रावणात १ मोल द्राव्य) मिठाचं द्रावण म्हणजे ५८.४४ ग्रॅम मीठ अधिक १ लिटर पाणी नव्हे. मीठ आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर नेमक्या मापाची खूण असलेल्या चंबूत) घ्या, मग १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. मोलॅरिटी, म्हणजे मोलरमधली तीव्रता, द्रावणाच्या आकारमानावर ठरते, द्रावकाच्या नाही. शेवटचं पाणी ड्रॉपरनं, थेंबाथेंबानं. डोळे खुणेच्या पातळीत हवेत आणि मेनिस्कसचा (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा) तळ खुणेला टेकायला हवा. द्रावण कोमट असेल तर गार होऊ द्या, नंतरच मेकअप करा, म्हणजे खुणेपर्यंत भरा. ही सवय सुरुवातीलाच लागली तर पुढची सगळी मापं भरवशाची होतात.

द्रावकाची निवड शिकायची तर निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत जरूर जा. घड बुडवायला लागणारं जीए, म्हणजे जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, पाण्यात सहज विरघळत नाही. बागायतदार ते आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि मग पाण्यात मिसळतात. ५० लिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग). इतकं नेमकं रसायनशास्त्र बांधावर चालतं, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच बागेत मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक असतं. ते मात्र द्रावण नाही. त्यातले तांब्याचे कण न विरघळता तरंगतात, म्हणून फवारताना ते सतत ढवळावं लागतं.

तुमच्या बाटलीच्या लेबलवर द्राव्य, द्रावक, तीव्रता आणि तारीख, चारही लिहा. नुसतं "मिठाचं द्रावण" असं लिहिलेली बाटली मी वापरू देत नाही.