जास्वंदीपासून कथकपर्यंत: रोजचे फोटो काढताना या चुका टाळा

सकाळी गॅलरीतल्या जास्वंदीचा क्लोजअप आणि संध्याकाळी भाचीच्या कथक क्लासचा कार्यक्रम, असं एकाच दिवशी दोन्ही काढलं ना की एक गोष्ट लगेच कळते, दोन्हीकडचे फोटो फसतात ते जवळपास त्याच कारणांनी. फूल हलतं, नाचणारी पण हलते, लाल रंग दोन्हीकडे त्रास देतो आणि कॅमेऱ्याचा ऑटो मोड दोन्हीकडे चुकीचा अंदाज बांधतो. त्यामुळे फुलांसाठी वेगळं आणि स्टेजसाठी वेगळं असं न लिहिता एकत्रच लिहितेय.

आधी चूक कुठली ते ओळखा

"फोटो ब्लर आलाय" एवढ्यावर काहीच ठरत नाही. फोटो १०० टक्के झूम करून बघा. सगळंच्या सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, मागचा पडदासुद्धा, म्हणजे तुमचा हात हलला. पडदा, तबला, बसलेली माणसं शार्प आहेत आणि फक्त नाचणारीचे हात पुसल्यासारखे झालेत, म्हणजे शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं तो आकडा, १/६०, १/५०० सेकंद असा) कमी पडला. आणि चेहरा मऊ पण मागच्या भिंतीवरचा बॅनर मात्र कडक वाचता येतोय, म्हणजे फोकसच चुकलाय. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि फोकस चुकलेला असताना शटर स्पीड वाढवत बसलं की अख्खा कार्यक्रम हातातून जातो.

आयएसओला घाबरून शटर स्पीड कमी ठेवणं

ही सगळ्यात कॉमन चूक. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, वाढवला की फोटो दाणेदार होतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की ८०० च्या वर आयएसओ नेऊ नका, मग स्टेजवर १/६० ने फोटो काढतात आणि एकही हात धड येत नाही. माझा साधा हिशोब असा: अभिनयाचा भाग, जिथे नर्तकी बसून किंवा जागेवर उभी राहून भाव दाखवतेय तिथे १/२०० चालतं, लावणीतल्या ठुमक्याला १/३२० तरी हवं, आणि कथकच्या चक्रांना १/५०० च्या खाली नको. त्यासाठी आयएसओ ३२०० झाला, ६४०० झाला तरी होऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये साफ होतो, हललेला चेहरा साफ होत नाही.

फुलांचंही तेच. आपल्याला वाटतं फूल कुठे पळतंय, पण क्लोजअपमध्ये फूल दोन मिलिमीटर हललं तरी फ्रेममध्ये ते खूप मोठं हलणं असतं. वारा असेल तर १/२५० च्या वरच राहा, आणि जमलं तर सकाळी लवकर काढा, तेव्हा बहुतेक वेळा वारा पडलेला असतो. घरच्या कुंडीतलं झाड असेल तर मी शेजारी एक काठी रोवून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी अलगद धरून ठेवते, फुलाला हात लावत नाही.

थांबण्याच्या क्षणाआधी बटण न दाबणं

हे मला फुलाने शिकवलं. जास्वंद वाऱ्याने डुलत असताना नीट बघत राहा, ती एका टोकाला जाते, तिथे क्षणभर थांबते आणि मग परत फिरते. मधल्या जागी ती सगळ्यात जोरात असते, टोकाला जवळजवळ स्थिर. उडी मारलेली नर्तकी सगळ्यात वर पोचते तेव्हाही तसंच होतं. आणि कथकमध्ये तर हा थांबा बांधूनच दिलेला असतो, तिहाई असते तिच्यात तोच तुकडा तीन वेळा येतो आणि तिसऱ्यांदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नर्तकी थांबते, मान वळलेली, हात ठरलेल्या जागी, चेहऱ्यावर सम गाठल्याचा आनंद. पण सम "दिसल्यावर" बटण दाबलं तर उशीर होतो, कारण डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणून बघू नका, ऐका. तुकडा पहिल्या दोन वेळा येतो ते मोजा आणि तिसऱ्या वेळी शेवटच्या धा च्या किंचित आधी दाबा.

इथे अजून एक चूक होते, लोक तिहाई सुरू झाल्यापासूनच बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) लावून बसतात, मग नेमकं समेवर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरलेला आणि कॅमेरा गप्प. माझ्या भाचीचा पहिला मंचप्रवेश असाच गेला, तिसाव्या फोटोनंतर कॅमेरा अडकला आणि समेचा एकही फोटो आला नाही, अजून वाईट वाटतं. आता मी शेवटचे फक्त सहा-सात फोटो घेते.

सगळं एफ २.८ वर काढणं

एफ नंबर जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं. मागचं छान धूसर होतं म्हणून मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढतात आणि मग फुलाचं एक टोक सोडून बाकी सगळं धुकं. फुल फ्रेम (मोठ्या, ३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लाइफ साइज क्लोजअपमध्ये, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडते तेव्हा, एफ ८ ला सुद्धा साधारण १ मिलिमीटरच शार्प येतं. एवढंच. मग एफ २२ करू का? तर नको, तिथे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे अगदी बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. एफ ८ ते ११ ठेवा आणि कॅमेऱ्याची जागा बदला. जास्वंदीचा तो मधला दांडा बघा, त्यावर पिवळ्या परागांचे ठिपके आणि टोकाला पाच लाल मखमली गोळे. समोरून काढलं तर गोळे शार्प आणि दांडा गायब, पण जरा बाजूला येऊन दांडा सेन्सरला समांतर धरला की अख्खा दांडा टोकापासून बुडापर्यंत एकाच फोकसमध्ये येतो, एफ नंबर न बदलता. फोकस मॅन्युअल ठेवायचा आणि स्वतःच अगदी सावकाश पुढेमागे झुकायचं, शार्प दिसलं की क्लिक.

ग्रुप डान्सला हेच मोठ्या मापात होतं. ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर, ६ मीटरवरून, फुल फ्रेमवर जेमतेम अर्धा मीटर शार्प देते. पुढच्या रांगेतल्या मुली छान आणि मागची रांग गेली, आणि मागच्या रांगेतल्या मुलीची आई फोटो मागते तेव्हा काय सांगणार. ग्रुपला एफ ४ तरी ठेवाच.

लाल रंग जळणं

लाल जास्वंदीचा फोटो बघा, पाकळीवरच्या शिरा गायब आणि सगळा एक लाल डाग. लाल एलईडी लाइटखालच्या नर्तकीचा चेहरा बघा, नाक-गाल सगळं एकसारखं सपाट. कारण एकच, लाल चॅनल भरून वाहिलेला असतो पण साधा हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) सरासरी दाखवतो म्हणून तो ठीक वाटतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा, आणि रॉ (सेन्सरची सगळी माहिती ठेवणारी फाइल) मध्येच काढा. जेपेगमधून त्या शिरा परत येत नाहीत. स्टेजवर अजून एक करता येतं, लाइटवाल्या दादांशी आधी बोलून ठेवायचं की चेहऱ्यावर थोडा पांढरा ठेवा. नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण ऐकतात.

मोगरा करडा, चेहरा पांढरा

कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं करायचं असतं. मोगरा किंवा अनंत फ्रेमभर घेतला की तो म्हणतो फार उजेड आहे, आणि फूल मळकट करून देतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याचं +/- बटण) अधिक ०.७ ते १ द्या. काळ्या पडद्यापुढची नर्तकी घेतली की म्हणतो फार अंधार आहे, आणि चेहरा पांढराफटक. तिथे उणे १ किंवा त्याहूनही खाली.

फोटोत आडवे पट्टे

आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं आणि घरी येऊन बघितलं तर सगळ्या फोटोंवर काळसर पट्टे, हा प्रॉब्लेम आता एलईडी लाइट आणि मागच्या एलईडी वॉलमुळे खूप वाढलाय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तिथे १/१०० ठेवलं की पट्टे जातात, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते लावा. एलईडीचं लुकलुकणं मात्र डिमरवर अवलंबून असतं, एक ठरलेला आकडा नाही. सायलेंट बंद करून मेकॅनिकल शटर लावा, तालमीला जाऊन दोन-तीन स्पीड तपासा आणि ज्यावर पट्टे नाहीत तो लिहून ठेवा. आवाजाची काळजी असेल तर ढोलकी चालू असताना काढा.

फ्लॅशबद्दल एकच सांगते, नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात फ्लॅश मारू नका. गिरकीत असलेल्या मुलीचा तोल जाऊ शकतो. आणि छोट्या पॉपअप फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, त्याला एफ नंबरने भागलं की मीटर मिळतात) साधारण १२ असतो, आयएसओ १०० आणि एफ ४ ला तो ३ मीटरपर्यंतच पोचतो, म्हणजे दहाव्या रांगेतून मारला की उजळतात ती पुढच्या माणसांची डोकी.

पाय कापणं, फुलं तुडवणं

कथकचं तत्कार म्हणजे पायांचं काम आणि फोटोत घुंगरू घोट्यावरच कापलेले, भरतनाट्यममधल्या मुद्रेची बोटं फ्रेमच्या बाहेर. घट्ट फ्रेम घ्यायचीच तर कमरेवर किंवा छातीवर कापा, सांध्यावर नको. नाहीतर सगळीकडून थोडी जागा सोडा आणि नंतर क्रॉप करा.

आणि कासला जाताय तर हे मनापासून सांगतेय. साताऱ्याजवळचं ते पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं, पण तिथे जांभ्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि सीतेची आसवं ही फुलं एवढीशी, जमिनीलगत. एका फुलाच्या फोटोसाठी आडवं झालं की अंगाखाली शेकडो चिरडतात. वाटेवरूनच ७०-३०० ची लेन्स लावा, स्क्रीन वाकवून कॅमेरा खाली धरा, एफ ५.६ ला मागचं सुंदर विरघळतं. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग १५-२० मिनिटं बंदच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. परत आल्यावर सगळं कोरडं पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पावसाळ्यात ओल्या बॅगेत राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी लागायला फार दिवस लागत नाहीत.

न विचारता पोस्ट करणं

लहान मुलांचे फोटो पालकांना विचारूनच, हे तर आहेच, पण लावणी कलाकारांच्या बाबतीत मी जास्त काळजी घेते, कारण एखादा चुकीच्या अँगलचा फोटो कुठे कुठे फिरतो आणि खाली काय काय लिहिलं जातं ते मी बघितलंय. मागे एका कार्यक्रमानंतर मी मेकअपरूममध्ये जाऊन ताईंना स्क्रीनवर फोटो दाखवले. मला सगळ्यात आवडलेला गिरकीचा फोटो त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "पदर बघा ना कसा आलाय, हा नको." मी तिथेच डिलीट केला. मग त्या पुढे पुढे सरकवत गेल्या आणि एका फोटोवर थांबल्या, नुसते पाय, चाळ, नऊवारीचा काठ आणि स्टेजवर सांडलेली अबोलीची दोन फुलं. "हा पाठवा," म्हणाल्या.