फँटसीवाल्यांचा महिन्याचा वाचनबेत: कसा आखायचा आणि सोबत्यांना कसा सांगायचा

दहा पुस्तकांची यादी पाठवली की समोरून फार तर एक ‘वा!’ येते. त्यातलं नेमकं कोणतं तुम्ही वाचणार, कधी वाचणार आणि त्यात कुणाला सामील होता येईल का, हे त्या यादीतून कळतच नाही. बेत सांगायचा तो कुणीतरी सोबत यावं म्हणून. म्हणून तो छोटा हवा, आणि दुसऱ्याला उपयोगी पडतील असे तपशील त्यात हवेत.

आधी पानांचा हिशेब करा. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती पानं वाचून झाली त्याची सरासरी काढा आणि तिच्या ८० टक्क्यांचाच बेत करा. सर्वांत चांगल्या महिन्याचा आकडा धरू नका, बहुतेक बेत तिथेच कोसळतात. नोंद नसेल तर तीन दिवस रोज २० मिनिटं वाचून पानं मोजा. २० मिनिटांत १२ पानं होत असतील, तर रोजच्या ४० मिनिटांत २४ होतील. महिन्यात वाचनाचे दिवस ३० नव्हे, २५ धरा. ही झाली ६०० पानं, आणि त्यांचे ८० टक्के म्हणजे ४८०. म्हणजे एक जाडजूड खंड, किंवा एक मध्यम कादंबरी आणि जोडीला एक लघुकादंबरी. एवढंच.

फँटसीत या हिशेबाला एक दुरुस्ती लागते. नव्या मालिकेची पहिली ६०-७० पानं हळू सरकतात. नावं, घराणी, नकाशा, जादूचे नियम हे सगळं डोक्यात बसायला वेळ लागतो, त्यामुळे त्या पानांना दीडपट वेळ धरा. एकाच महिन्यात दोन नव्या मालिका सुरू करू नका. एक नवी आणि एक चालू मालिकेतला पुढचा खंड, ही जोडी चांगली जमते.

ई-बुकची पानं अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतात, म्हणून बेतात छापील आवृत्तीचा आकडा द्या. ऑडिओबुक असेल तर तास लिहा. साधारण १,२०,००० शब्दांची कादंबरी, म्हणजे छापील ४०० पानांच्या आसपास, नेहमीच्या वेगाने ऐकायला १३ तास लागतात. सव्वापट वेगाने साडेदहा.

पुस्तकांचे तीन गट करा: नक्की, बहुतेक, आणि जमलं तर. ‘नक्की’मध्ये एकच पुस्तक ठेवा. इतरांनी सोबत वाचायचं ठरवलं तर ते याच पुस्तकाच्या भरवशावर ठरवतील, त्यामुळे इथे शब्द पाळायचा. ‘जमलं तर’मध्ये काहीही चालेल, पण दोनाच्या वर नको.

आता प्रत्येक पुस्तकाची नोंद. नुसतं ‘दुसरा भाग’ लिहिल्याने घोळ होतो. टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं, पण आतून त्याची सहा ‘पुस्तकं’ आहेत. त्यामुळे ‘दुसरं पुस्तक’ म्हणजे पहिल्या खंडाचा उत्तरार्धही होऊ शकतो आणि दुसरा खंडही. सी. एस. लुइसच्या नार्निया या मालिकेत तर पहिलं कोणतं यावरूनच दोन मतं आहेत. १९५० साली आलेल्या पुस्तकापासून सुरुवात करणारे आहेत, आणि कथेच्या कालक्रमात आधी येणाऱ्या, पण १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकापासून करणारेही आहेत. काही जाड खंड एका देशात एका जिल्दीत निघतात, तर दुसरीकडे दोन. म्हणून मालिकेचं नाव, खंडाचं स्वतःचं नाव आणि प्रसिद्धीच्या क्रमातला आकडा, तिन्ही लिहा. अनुवाद वाचत असाल तर अनुवादकाचं नावही द्या. मालिका पूर्ण झालेली आहे की अजून चालू आहे, हेही एका शब्दात सांगा. अर्धवट राहिलेल्या मालिकेत उतरायचं की नाही, हे बरेच वाचक त्यावरच ठरवतात.

पूर्ण नोंद अशी दिसते:

नक्की: मालिकेचं नाव, खंड २ (खंडाचं नाव). एकूण ३ खंड, मालिका पूर्ण. छापील, ५४० पानं, त्यातली १२० झाली आहेत. महिन्याच्या ५ तारखेपासून २६ तारखेपर्यंत. पहिल्यांदाच वाचते आहे. पहिल्या खंडाच्या शेवटापर्यंत मोकळेपणाने बोला, त्यापुढचं नको. सोबत हवी आहे.

शेवटची तीन वाक्यं सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लिहायची राहून जातात. स्पॉयलरची, म्हणजे कथेतलं पुढचं आधीच फोडणाऱ्या बोलण्याची, हद्द तुम्ही आखली नाही तर समोरचा अंदाजाने बोलतो, आणि अंदाज चुकतो. बेत स्वतःच रहस्य फोडणार नाही याचीही काळजी घ्या. ‘चौथा खंड, आता राजाशिवाय काय होतं ते बघायचं’ या एका ओळीत तिसऱ्या खंडाचा शेवट फुटला. पुढच्या खंडाचं मलपृष्ठही असंच घात करतं, त्यामुळे त्यावरचा मजकूर बेतात उतरवू नका. एखादा खंड का निवडला हे सांगायचं तर कथानकाच्या आधाराने नको. ‘समुद्रप्रवास हवा होता’, ‘जादूचे नियम काटेकोर आहेत असं ऐकलं’, एवढं पुरतं.

दोघातिघांच्या बेतात एकच पुस्तक निघालं तर सहवाचन ठरवा. ६०० पानं चार आठवड्यांत वाचायची असतील तर १५०चे चार समान तुकडे पाडू नका. १००, १५०, १७०, १८० असे पाडा. पहिला आठवडा जगाची ओळख होण्यात जातो, शेवटी वेग आपोआप वाढतो. थांबे, म्हणजे जिथवर सगळ्यांनी वाचून मग चर्चा करायची त्या जागा, पानांवर ठरवू नका, कारण प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असते. प्रकरणावर ठरवा. काही मालिकांत प्रकरणांना क्रमांक नसतात, फक्त पात्राचं नाव असतं. मग ‘अमक्याचं तिसरं प्रकरण संपेपर्यंत’ असं म्हणा. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतल्या ४१ कादंबऱ्यांपैकी बहुतेकांत प्रकरणंच नाहीत. तिथे टक्केवारी ठरवा आणि थांब्याच्या परिच्छेदाचे पहिले चार-पाच शब्द सगळ्यांना कळवा. ऐन उत्कंठेच्या जागी थांबा ठेवलात तर निम्मे लोक पुढे वाचून मोकळे होतात आणि चर्चेत जीभ चावत बसतात. लढाई किंवा प्रवास संपून श्वास घेतला जातो, ती जागा निवडा.

नावांचाही गोंधळ होतो. ऐकणाऱ्याला उच्चार माहीत असतो, स्पेलिंग नाही. छापील वाचणाऱ्याचं उलटं असतं. त्यात आपण देवनागरीत लिहितो, म्हणजे एकाच पात्राची तीन नावं तयार होतात. पहिल्या थांब्यालाच पंधरा-वीस मुख्य नावांचं एक देवनागरी रूप ठरवून सामायिक टिपणात ठेवा, आणि पुढे प्रत्येक थांब्याला तिथवर भेटलेलीच नावं त्यात वाढवा. हे टिपण नसलं की लोक नाव शोधायला इंटरनेटवर जातात आणि पात्राच्या नावापुढे मृत्यूची नोंद वाचून परततात.

पुनर्वाचन करणाऱ्याने तसं बेतात आधीच सांगावं. ‘या पात्रावर लक्ष ठेव’ हासुद्धा स्पॉयलरच. एवढं ऐकल्यावर नवा वाचक त्या पात्राकडे संशयानेच पाहणार, आणि लेखकाने जपून लपवलेली गोष्ट वाया जाणार. पुनर्वाचकाने थांब्यापर्यंतच्या मजकुरावरच बोलावं.

बेत आधीच्या महिन्याच्या २५ ते २७ तारखेच्या दरम्यान सांगा. १ तारखेला सांगितलेल्या बेतात कुणी सामील होत नाही, कारण पुस्तक मिळवायला, ग्रंथालयात रांगेत नंबर लावायला वेळच उरत नाही. १५ तारखेच्या सुमाराला एक ओळ कळवा: कुठवर आलो, बेत बदलला का. त्याहून जास्त नको, रोजची पानसंख्या कुणीच वाचत नाही.

दुसऱ्याचा बेत आला की त्यात स्वतःची चार पुस्तकं सुचवायचा मोह आवरा, त्याचा महिना भरलेला आहे. त्याऐवजी एखादा खरा प्रश्न विचारा: छापील वाचणार की ऐकणार, पहिला खंड वाचून किती दिवस झाले, सारांश हवा का. जुना खंड वाचून वर्ष उलटलं असेल तर दहा ओळींचा सारांश लिहून देणं ही मोठी मदत आहे. ‘तिसरा खंड रटाळ आहे’ हे न विचारता सांगू नका. हिंसा, छळ, प्राण्याचा मृत्यू अशा गोष्टींबद्दल कुणी आधी विचारलं, तर आडपडदा न ठेवता हो किंवा नाही सांगा. तपशील मागितले तरच द्या.

महिना संपला की नव्या बेताच्या आधी जुन्याची नोंद करा: वाचलं, चालू आहे, सोडलं. सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि कशामुळे, हे लिहा. ‘आवडलं नाही’पेक्षा ‘१४० पानं झाली तरी पाच पात्रांच्या वाटा एकत्र येईनात’ हे वाचून दुसऱ्याला ठरवता येतं, कारण कुणाला नेमकं तेच आवडतं. राहिलेलं पुस्तक एकदा पुढच्या महिन्यात न्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदा राहिलं तर यादीतून काढा. त्याची सोबत मागणारं कुणी असेल तर त्यांना स्पष्ट कळवा, म्हणजे ते दुसरा सोबती शोधतील.