अटक झाली तर आधी वकिलातीला कळवायला सांगा

परदेशात पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर घाईने सही करू नका. आधी स्पष्ट सांगा, "माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा." वकिलातींबद्दलच्या व्हिएन्नाच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम ३६ नुसार हा तुमचा हक्क आहे. करारात सामील असलेल्या देशात तुम्ही तशी मागणी केलीत, की पोलिसांना विनाविलंब कळवावंच लागतं. या हक्काची माहिती त्यांनीच द्यायची असते, पण त्यावर विसंबून राहू नका, स्वतः मागा.

वकिलातीतला अधिकारी कोठडीत भेटू शकतो, स्थानिक वकिलांची यादी देऊ शकतो, घरी निरोप पोचवू शकतो. तुम्हाला सोडवणं मात्र त्याच्या हातात नसतं. वकिलाची फी किंवा हॉस्पिटलचं बिलही सहसा आपल्यालाच भरावं लागतं.

पासपोर्ट हरवला, तर पोलीस तक्रारीची प्रत घेऊन वकिलातीतच जा. घरी परतण्यापुरता तात्पुरता प्रवास-दाखला मिळू शकतो.

आणि वकिलातीचा तातडीचा नंबर निघण्यापूर्वीच कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन जप्त झाला, हरवला किंवा नुसती बॅटरी उतरली, तरी तो चतकोर कागद जवळ असतो.