पोलीस नोंदींचा डेटाबेस उभारताना या चुका टाळा

बहुतेक खरेदीपत्रकं ‘इतक्या कोअरचा प्रोसेसर, इतकी रॅम’ इथून सुरू होतात. पहिली चूक तिथेच होते. अशी यंत्रणा प्रोसेसर कमी पडला म्हणून क्वचितच अडते. ती अडते वीज गेल्यावर अर्धवट राहिलेल्या नोंदीमुळे, शोधात न सापडलेल्या नावामुळे किंवा बॅकअप असूनही तो उघडता न आल्यामुळे. या नोंदींवर कोणाला अडवायचं, कोणाला सोडायचं हे ठरतं. त्यामुळे यंत्रणेकडे वेगाआधी तीन गोष्टी मागायच्या: लिहिलेलं टिकलं पाहिजे, असलेलं सापडलं पाहिजे आणि कोणी काय बदललं ते नंतर दाखवता आलं पाहिजे.

मजकूर, स्कॅन आणि व्हिडिओ एकाच डेटाबेसात कोंबणं

मजकुराला जागा फार लागत नाही. एका प्रकरणाचा मजकूर ५० केबी आणि वर्षाला २०,००० प्रकरणं धरली, तरी हिशेब १ जीबीच्या आसपास येतो. ए-फोर पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं, तर ते कॉम्प्रेशनशिवाय सुमारे २६ एमबी होतं. अंगावरच्या कॅमेऱ्याचं ४ एमबीपीएसचं चित्रण तासाला १.८ जीबी खातं. ५० कॅमेरे रोज ३ तास चालले तर दिवसाला २७० जीबी, म्हणजे महिन्याला ८ टीबीहून जास्त.

हे सगळं डेटाबेसात गेलं की रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. व्हिडिओ आणि स्कॅन वेगळ्या फाइल साठ्यात ठेवा. डेटाबेसात फक्त त्यांचा पत्ता, आकार आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला, फाइल जराशी बदलली तरी बदलणारा खूणआकडा) असू द्या. हॅश फाइल आत येतानाच काढायचा, कारण नंतर काढलेला हॅश मधल्या काळात फाइल बदलली नाही याची खात्री देत नाही. एमडी५ आणि एसएचए-१ या हॅश काढण्याच्या जुन्या पद्धती या कामासाठी वापरू नका. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल तयार करता येतात, हे दोन्हींबाबत सिद्ध झालं आहे.

बोटांचे ठसे साध्या जेपेगमध्ये ठेवणं ही वेगळी आणि नंतर न सुधारणारी चूक आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं, आणि जास्त कॉम्प्रेशनला त्या चौकोनांच्या कडा ठशाच्या रेषा तोडतात. ५०० पीपीआयच्या (इंचाला ५०० पिक्सेल) ठशांसाठी डब्ल्यूएसक्यू (ठशांसाठीच बनवलेलं कॉम्प्रेशन) आणि १,००० पीपीआयसाठी जेपेग २००० वापरा.

स्वस्त डिस्क, अपुरा यूपीएस

घरगुती एसएसडीमध्ये वीज गेल्यावर कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा वाचवणारे कपॅसिटर सहसा नसतात. ‘लिहिलं’ असं डेटाबेसला कळवलं जातं, पण डेटा अजून कॅशमध्येच असतो. वीज गेली की शेवटच्या काही नोंदी गायब होतात किंवा अख्खा डेटाबेस सुरू व्हायला नकार देतो. खरेदीपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ आणि ईसीसी (चुका ओळखून सुधारणारी) मेमरी हे दोन शब्द घातलेच पाहिजेत. वेग वाढवण्यासाठी कोणी एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबण्याची सोय) बंद करायला सुचवलं, तर ते मान्य करू नका.

रेड म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं. डेटाबेससाठी दोन एसएसडींचा रेड १ (दोन्हींवर एकच डेटा) किंवा चारांचा रेड १० (अशा दोन जोड्या) घ्या. व्हिडिओच्या मोठ्या डिस्कना रेड ६, जो दोन डिस्क गेल्या तरी तगतो. मोठ्या डिस्कवर रेड ५ नको: एक डिस्क गेल्यावर पुनर्बांधणीसाठी उरलेल्या सगळ्या पूर्ण वाचाव्या लागतात आणि त्या वेळी दुसरी बिघडली तर सगळा डेटा जातो.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॉट पाहा. यूपीएसची यूएसबी किंवा नेटवर्क जोडणी करून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. ही वायर बऱ्याच ठिकाणी खोक्यातच राहते. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते.

नोंद आहे, पण शोधात सापडत नाही

सगळ्यांत घातक तक्रार हीच. एरर येत नाही, ‘नोंद आढळली नाही’ एवढंच दिसतं आणि समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. कारणं या क्रमाने तपासा.

आधी युनिकोड. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन कीबोर्डवरून दोन प्रकारे साठू शकतं: एकात ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. फक्त एनएफसी (युनिकोड मजकूर एका प्रमाण रूपात आणण्याची पद्धत) लावून भागत नाही, कारण ते झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. मूळ नाव जसंच्या तसं ठेवा आणि शेजारी शोधासाठी वेगळा कॉलम करा. त्यात आधी एनएफसी लावा, मग जोडअक्षरांची अदृश्य चिन्हं काढा, ‘ऱ’चा ‘र’ करा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा आणि जादा स्पेस काढा. शोधणाऱ्याने टाइप केलेल्या नावावरही हीच प्रक्रिया चालली पाहिजे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला डेटा आयात करण्याआधी रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर आडनावांची यादी माणसाने वाचून तपासा.

डेटाबेस सॉफ्टवेअर मायएसक्यूएल असेल तर अक्षरसंच म्हणून ‘यूटीएफ८’ नव्हे, ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. जुन्या प्रकारात तीन बाइटपर्यंतचीच अक्षरं मावतात. देवनागरी बसते, पण जप्त मोबाइलच्या मेसेजमधला इमोजी आला की नोंद नाकारली जाते किंवा मजकूर तुटतो.

दुसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर मजकुराच्या इंडेक्सचा (झटपट शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूचीचा) अक्षरक्रम सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी लायब्ररीकडून घेतो. तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. जुन्या डेटा फाइल तशाच उचलून नव्या सिस्टिमवर चालवल्या की इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोध नव्या क्रमाचा होतो. असलेली नावं सापडत नाहीत, युनिक कॉलममध्ये दुबार नोंदी शिरतात. असं स्थलांतर झालं असेल तर दुबार नोंदी शोधून मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा.

माणसालाच ‘आरोपी’ ठरवणारा तक्ता

आरोपी, साक्षीदार, फिर्यादी असे वेगळे तक्ते करू नका आणि व्यक्तीच्या नोंदीत ‘प्रकार’ असा कॉलमही नको. व्यक्ती एका तक्त्यात, घटना दुसऱ्यात आणि त्या घटनेतली तिची भूमिका जोडणाऱ्या तिसऱ्या तक्त्यात ठेवा. नाहीतर एका प्रकरणातला साक्षीदार दुसऱ्या पडद्यावर गुन्हेगार म्हणून दिसतो. निर्दोष सुटल्याची नोंदही याच जोडणीवर, तारखेसह हवी.

जन्मतारीख माहीत नसेल तर १ जानेवारी भरण्याची सवय फॉर्मनेच मोडली पाहिजे. तारखेशेजारी ‘अचूक, फक्त वर्ष, अंदाज’ असा पर्याय द्या. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या समजून एकत्र केल्या तर त्या पुन्हा वेगळ्या करता येतात ना, हे सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी करून पाहा. घटना कधी घडली, नोंद कधी झाली आणि बदल कधी झाला या तीन वेळा वेगळ्या ठेवा. सर्व मशीन एनटीपीला (घड्याळं जुळवणाऱ्या सेवेला) जोडा.

पाळी बदलताना यंत्रणा हळू पडते

लगेच रॅम वाढवू नका. दूरच्या ठाण्यात एक पान उघडायला २०० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जात असतील आणि प्रत्येक फेरीला ८० मिलिसेकंद लागत असतील, तर १६ सेकंद नुसते ये-जा करण्यात जातात. जाडी लाइन घेऊन हे सुटत नाही, क्वेरी एकत्र कराव्या लागतात. कनेक्शनच मिळत नसेल तर पोस्टग्रेएसक्यूएलची मूळ मर्यादा १०० आहे हे आठवा; आकडा फुगवण्यापेक्षा मध्ये कनेक्शन पूलर (मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारं सॉफ्टवेअर) बसवा. एकच प्रकरण कोणालाच सेव्ह करता येत नसेल, तर बहुधा कोणीतरी फॉर्म उघडा ठेवून गेलं आहे आणि लॉक तसाच आहे. सगळं पाहता येतं, पण नवी नोंदच होत नाही? एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचं मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर) असेल तर आकार तपासा: २०२२ आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे.

सामाईक लॉगिन

ठाण्यासाठी एकच पासवर्ड असला की ऑडिट लॉगला अर्थ उरत नाही. प्रत्येकाचं स्वतंत्र खातं हवं, आणि फक्त बदल नव्हे, कोणती नोंद कोणी पाहिली हेही लिहिलं गेलं पाहिजे. हा लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, जिथे डेटाबेस सांभाळणाऱ्याला प्रवेश नसेल.

बॅकअप घेतला, पण परत आणून पाहिला नाही

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवर सतत जुळत राहणारी प्रत) म्हणजेही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं काही सेकंदांत तिथेही पुसलं जातं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. त्यातली किमान एक नेटवर्कपासून तोडलेली. दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर पूर्ण डेटाबेस परत आणा, तक्त्यांतल्या ओळी मोजा, जुनी काही प्रकरणं उघडून जोडलेल्या फाइलींचे हॅश जुळवा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. एन्क्रिप्शनची चावी फक्त मूळ सर्व्हरवरच असेल तर हा प्रयोग पहिल्याच पायरीला अडेल.

न्यायालयाच्या आदेशाने पुसलेल्या किंवा बंद केलेल्या नोंदी जुन्या बॅकअपमधून पुन्हा जिवंत होतात. अशा नोंदींचे फक्त क्रमांक वेगळ्या यादीत ठेवा, आणि परत आणलेला डेटाबेस लोकांसाठी खुला करण्याआधी ती यादी त्यावर चालवा.