गंगाफळाचे (लाल भोपळ्याचे) कमी साखरेचे स्कोन: या चुका टाळा

वरण-बट्टीला सरावलेल्या हाताला मोहन चोळायला शिकवावं लागत नाही, आणि खान्देशात स्कोन (बेकिंग पावडरवर फुगणारे, पदर सुटणारे छोटे इंग्रजी बन) बिघडतात ते बहुधा त्या सवयीमुळेच. बट्टीच्या पिठाला तेल कणाकणाला लागेपर्यंत चोळायचं असतं. स्कोनच्या मैद्यात मात्र बटरचे वाटाण्याएवढे तुकडे डोळ्यांना दिसले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. बटर आधीच मैद्यात मुरलं तर नानखटाईचा थोरला भाऊ तयार होतो.

आठ स्कोनसाठी प्रमाण असं: मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच टीस्पून, थंड बटर 75 ग्रॅम, साखर 35 ग्रॅम, गंगाफळाचा आटवलेला गर 110 ग्रॅम, थंड दूध 40 ते 60 मिली. मसाल्याला दालचिनी 1 टीस्पून, सुंठ अर्धा, जायफळ पाव आणि चिमूटभर लवंगपूड. पिवळं खारं बटर असेल तर मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर अर्धा टीस्पून घाला, कारण साखर कमी असली की अळणीपणा लगेच जाणवतो.

गर ओला राहणं

सगळ्यात जास्त घाण इथे होते. गंगाफळ कुकरमध्ये पाणी घालून शिजवलं की गर पाणचट होतो, मग पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घातला जातो आणि स्कोन दगड होतात. फोडी 200 अंशांवर 35-40 मिनिटं भाजा. ओव्हन तापवायचा नसेल तर पाण्याला न लागता वाफवा, कुस्करून कढईत मंद आचेवर परता. चमचा फिरवल्यावर कढईच्या बुडाशी वाट उघडी राहिली आणि लगेच मिटली नाही, की गर झाला. पूर्ण गार करूनच वापरा. आटवल्याने गोडीही दाट होते, म्हणून तर साखर कमी चालते.

साखर कापताना

साखर फक्त गोडीसाठी नसते. ती ओलावा धरते आणि रंग आणते. 35 ग्रॅमच्या खाली गेलात तर स्कोन फिकट आणि दुसऱ्या दिवशी कोरडे. रंगासाठी वरून दूध लावा. एक टीस्पून जाडी साखर आठही स्कोनवर मिळून भुरभुरवा, ती जिभेला आधी लागते आणि आत कमी आहे हे कळत नाही. पिठीसाखरेचं आयसिंग ओतलंत तर एवढा खटाटोप फुकट. गुळाचंही तेच: चवीला छान, पण साखरेऐवजी तेवढाच गूळ घालणं म्हणजे कमी गोड नव्हे.

ऑक्टोबरचा उकाडा

हे पदार्थ थंड हवेच्या देशातले. जळगाव-भुसावळच्या ऑक्टोबर हीटमध्ये ओट्यावर बटर बघता बघता पातळ होतं. बटर 15 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर किसा आणि मैद्यात काट्याने मिसळा, बोटांनी नको. परातही फ्रिजमध्ये गार करून घ्या. दूध घातल्यावर पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. आठ-दहा वेळा थापून गोळा जेमतेम जुळला की थांबा, कडेला कोरडी पिठी दिसली तरी चालेल. अडीच सेंटीमीटर जाड गोल थापून धारदार सुरीने आठ तुकडे करा. वाटीने कापत असाल तर ती सरळ खाली दाबा. फिरवलीत की कडा मिटतात आणि स्कोन एका बाजूला कलंडतात. कापलेले तुकडे 20 मिनिटं फ्रीझरमध्ये.

तळ करपला, आत कच्चं

असं झालं तर ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) पुरता तापलेला नाही किंवा जाळी खालच्या खाचेत आहे. दोन्ही रॉड लावून 200 अंशांवर 15 मिनिटं तापवा, ट्रे मधल्या खाचेत, 16 ते 20 मिनिटं. ऐनवेळी लाईट गेली तर कच्चे स्कोन फ्रीझरमध्येच राहू द्या. नंतर तसेच गोठलेले भाजायला ठेवले तरी चालतात, फक्त 3-4 मिनिटं जास्त द्या.

फुगलेच नाहीत तर आधी बेकिंग पावडर तपासा: अर्धी वाटी गरम पाण्यात एक चमचा टाकल्यावर फसफसून वर आली पाहिजे. नुसतेच चार बुडबुडे आले तर तो डबा टाकून द्या.