टॉमकॅट अडकला? रीस्टार्टआधी दोन मिनिटे द्या

दिवाळीनंतर खान्देशात कापसाची आवक वाढते. जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि नेमके तेव्हाच काट्यावरच्या संगणकात चक्र गरगरत राहते. वजनाची पावती निघत नाही. पावतीचा प्रोग्रॅम टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरवर चालतो. सगळे एकच सांगतात, सर्व्हर बंद करून चालू करा. करा, पण आधी पुरावा घ्या. रीस्टार्टने अडकण्याचे कारणही पुसले जाते आणि उद्या पुन्हा तीच रांग.

पहिले काम थ्रेड डंपचे, म्हणजे सर्व्हरमधला प्रत्येक थ्रेड (एकेक काम हाताळणारा धागा) त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे, त्याच्या यादीचे. टॉमकॅटचा प्रोसेस क्रमांक शोधा, तो देऊन जेस्टॅक ही जावाची आज्ञा चालवा आणि आलेला मजकूर फाइलमध्ये साठवा. टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने चालवा, नाहीतर जोडणी नाकारली जाते. मशीनवर जेस्टॅक नसेल तर ‘किल -३’ वापरा. नाव भयंकर असले तरी प्रोसेस मरत नाही. डंप कॅटलिना डॉट आउट या लॉगमध्ये उतरतो. दहा-दहा सेकंदांनी असे तीन डंप घ्या. एका फोटोवरून ट्रॅक्टर उभा आहे की चालतोय हे कळत नाही, तसेच हे. आता खुशाल रीस्टार्ट करा.

मग निवांत वाचा. ‘एचटीटीपी-निओ-८०८०-एक्झेक’ नावाचे थ्रेड शोधा, वेबवरून आलेली कामे तेच करतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो: ‘वेटिंग’ दिसले म्हणजे थ्रेड अडकला असे नाही. टास्कक्यूपाशी (कामांच्या रांगेपाशी) थांबलेले थ्रेड रिकामे आहेत, कामाची वाट बघताहेत. तिन्ही डंपमध्ये तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल आणि ती ओळ ‘बॉरोऑब्जेक्ट’ची असेल, तर तो डेटाबेस कनेक्शनसाठी ताटकळला आहे.

हे बऱ्याचदा सापडते, कारण मूळ सेटिंगच तसे आहे. टॉमकॅट एका वेळी २०० थ्रेडपर्यंत कामे घेतो, पण त्याच्या डीबीसीपी पूलमध्ये, म्हणजे डेटाबेस कनेक्शनांच्या साठ्यात, कनेक्शने फक्त ८. वर थांबण्याची मुदत उणे एक, म्हणजे अमर्याद. कॉन्टेक्स्टच्या एक्सएमएल फाइलमध्ये मॅक्सटोटल (कनेक्शनांची कमाल संख्या) ३० आणि मॅक्सवेटमिलिस (थांबण्याची मुदत, मिलिसेकंदांत) १०००० करा. दहा सेकंदांत कनेक्शन मिळाले नाही तर निदान एरर तरी येईल. आकडा वाढवताना पलीकडचे बघा: पोस्टग्रेस डेटाबेसची मर्यादा मुळात १०० कनेक्शनांची असते, सर्व सर्व्हर मिळून.

पूल वाढवूनही काही तासांनी तो भरत असेल, तर कोडमध्ये कुठेतरी कनेक्शन परत केले जात नाही. रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो आणि लॉगअबँडन्ड ही दोन्ही सेटिंग चालू करा. गळती कुठल्या ओळीत आहे ते लॉग दाखवतो. मात्र कनेक्शन सोडून दिलेले समजण्याची मुदत ३०० सेकंद असते. हंगामअखेरीचा एखादा अहवाल त्याहून जास्त वेळ खात असेल तर मुदत वाढवा, नाहीतर तो मध्येच तुटेल.

मेमरीचे थोडक्यात. बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची स्क्रिप्ट स्वतः बनवावी लागते. हीपची (जावा प्रोग्रॅमला मिळणाऱ्या मेमरीची) मर्यादा तिथे कॅटलिना ऑप्ट्समध्ये लिहा, जावा ऑप्ट्समध्ये नको, कारण ते पर्याय सर्व्हर थांबवणाऱ्या आज्ञेलाही लागू होतात. ८ जीबीच्या मशीनवर डेटाबेसही असेल तर हीपला ३ जीबी पुरे. जास्त दिली तर मशीनची मेमरी संपून लिनक्सच टॉमकॅटला मारून टाकू शकतो. मग जावाच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, डीमेसेज या आज्ञेने लिनक्सचा लॉग बघावा लागतो.

वीज गेली-आली की वेगळाच घोळ. टॉमकॅटचे आणि डेटाबेसचे मशीन वेगळे असेल तर दोन्ही एकदम चालू होतात, डेटाबेस उठायच्या आत टॉमकॅट उठतो आणि ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. पान उघडले की ४०४. लोक यूआरएल तपासत बसतात. डेटाबेस चालू आहे याची खात्री करून टॉमकॅट पुन्हा सुरू केला की झाले.