कोरल पांढरं पडलं? बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

सकाळी चहाचा कप घेऊन घरातल्या खाऱ्या पाण्याच्या कोरल (प्रवाळ) टँकपुढे उभं राहावं, आणि काल रात्रीपर्यंत जांभळ्या असलेल्या फांदीदार कोरलचा, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचा बुंधा पांढराफटक दिसावा. हात आपोआप कपाटातल्या बाटल्यांकडे जातो. आयोडीन, बॅक्टेरिया, अमिनो, जे सापडेल ते. कोथरूडच्या माझ्या २५० लिटरच्या टँकमध्ये मीही हेच करून बसलोय, म्हणून सांगतो: पांढरं नेमकं कुठून सुरू झालं आणि किती वेगानं सरकतंय, एवढं आधी बघा. बाटल्या कुठे पळून जात नाहीत.

ब्लीचिंगलाच मरण समजणं

पांढरं दिसलं म्हणजे टिश्यू, म्हणजे कोरलचा जिवंत पापुद्रा, गेलीच असं नाही. ब्लीचिंगमध्ये कोरलच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल, म्हणजे झूझँथेली, निघून जातं. जिवंत पापुद्रा जागेवरच असतो, फक्त काचेसारखा आरपार होतो आणि खालचा सांगाडा दिसू लागतो. पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक तोंडं, अजून बाहेर येत असतात. टिश्यू गेली असेल तर मात्र नुसते खरबरीत खळगे दिसतात, जिवंत भागाच्या कडेला स्पष्ट रेघ असते, आणि चार दिवसांत उघड्या भागावर शेवाळ चढतं. हा फरक निळ्या दिव्यांत कळतच नाही. निळे बंद करा, पांढरा उजेड ठेवा, भिंग घ्या. ब्लीच झालेल्या कोरलला सावली आणि थोडं खाद्य मिळालं तर ते परतू शकतं. त्याला डिपमध्ये, म्हणजे औषधी पाण्यात, बुचकळणं म्हणजे आजाऱ्याला थंड पाण्यानं अंघोळ घालणं.

जागा न बघता निदान करणं

ही सगळ्यात मोठी चूक. सगळं पांढरं सारखं नसतं.

बुंध्यापासून वर हळूहळू, आठवड्याला अर्धा-एक सेंटिमीटर सरकणारं पांढरं दिसलं की आपण त्याला एसटीएन (स्लो टिश्यू नेक्रोसिस, हळूहळू टिश्यू गळणं) म्हणतो. पहिला संशय अल्कलिनिटीच्या (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या) चढउतारावर घ्या. त्यानंतर बुंध्याशी फ्लो (पाण्याचा प्रवाह) किंवा उजेड पोचत नाही का, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलंय का, ते बघा.

शेंडे जळाल्यासारखे दिसत असतील तर अल्कलिनिटी चढलेली आणि पोषण कमी, ही जोडी तपासा. लाइट नुकतीच बदलली किंवा वाढवली असेल तर तेही कारण असू शकतं.

एकाच बाजूला, शेजाऱ्याच्या दिशेला पांढरं असेल तर रात्री दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च मारून बघा. गॅलॅक्सिया कोरलचे लांब तंतू दिवसा दिसत नाहीत, रात्री वीतभर पसरून शेजाऱ्याला भाजून काढतात. युफिलिया कोरलही काही कमी नाही.

मधेच गोल-गोल फिकट ठिपके, चावा घेतल्यासारखे? अ‍ॅक्रोपोरा असेल तर चपट्या किड्यांचा, म्हणजे फ्लॅटवर्मचा संशय घ्या. हे किडे कोरलच्याच रंगाचे असतात. टर्की बेस्टरनं (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीनं) जोरात पाणी मारलं की सुटून वाहतात. त्यांची अंडी कोरलच्या मेलेल्या भागाच्या कडेला, तपकिरी चकत्यांसारखी दिसतात. डिपनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती ब्लेडनं खरवडावी लागतात आणि डिप दर आठवड्याला, दीड-दोन महिने, न चुकवता द्यावं लागतं. मॉन्टिपोरा या पाटीसारख्या कोरलच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर पाटी उलटी करून तळाशी बारीक पांढऱ्या न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी, शोधा.

टॉर्च किंवा हॅमर नावाच्या कोरलच्या एखाद्या डोक्यावर तपकिरी, वास मारणारा चिकट थर आला तर तो ब्राउन जेली नावाचा रोग. इथे विचार करत बसू नका. पंप बंद करा, नळीनं तो थर टँकबाहेर ओढून घ्या, ते डोकं कापून वेगळं करा. फुंकर मारून थर उडवला तर शेजारची डोकीही धोक्यात येतात.

किटवर डोळे मिटून विश्वास

माझी फजिती इथलीच. अल्क (अल्कलिनिटी) मोजायचं किट मुदत संपलेलं होतं, पण रंग छान बदलायचा. ते ७.४ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) दाखवत होतं म्हणून मी अल्क चढवणारं डोसिंग वाढवत गेलो. शेंडे जळू लागले, मी लाइट कमी केली. बुंधा सुटू लागला, मी आयोडीन डिप दिलं. सिंहगड रोडवरचा एक मित्र स्वतःचं किट घेऊन आला तेव्हा कळलं, अल्क ११ होती आणि नायट्रेट शून्य. मग मी त्याहून मोठी चूक केली: घाबरून एका बैठकीत अर्धं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेली टिश्यू चिंध्यांसारखी सुटून फ्लोमध्ये तरंगत होती. ती आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, झपाट्यानं टिश्यू गळणं).

समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. टँकमध्ये ७ ते ९ मधला कुठलाही आकडा चालतो, तो हलता कामा नये. दुरुस्ती करायचीच असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नको. संशयास्पद आकडा आला की दुसऱ्याच्या किटवर पुन्हा तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षारांच्या) द्रावणावर जुळवा.

स्वयंपाकघरातलं आरओ

पुण्यात ही चूक घराघरांत होते. खडकवासल्याचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांना वाटतं, आपलं पाणी गोडं आहे, चालेल. वाघोली-उंड्रीकडे टँकर आणि बोअरवर दिवस काढणाऱ्यांना वाटतं, आरओ आहे ना, चालेल. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर कच्चं पाणी थोडं मिसळतो. काही मॉडेलमध्ये तर आरोग्याच्या नावाखाली तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ते चालत असेल, कोरल आणि कोळंबीला तांबं विष आहे. टँकसाठी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावलेलं वेगळं युनिट हवं आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. माझी सूचना कडवट वाटेल, पण हे युनिट परवडत नसेल तर एसपीएस (बारीक पॉलिपची नाजूक कठीण कोरलं) तूर्त घेऊ नका.

घरात काय बदललं ते न विचारणं

एकाच वेळी वेगवेगळ्या जातींची कोरल सुटू लागली तर रोग शोधू नका, घर शोधा. दिवाळीआधीचं पेस्ट कंट्रोल, रंगकाम, टँकशेजारी लावलेलं डासांचं लिक्विड. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो. कोळंबी आधी मेली असेल तर कीटकनाशकावर बोट ठेवा आणि फिल्टरमध्ये ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन लावा.

एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो. कोरड्या हवेत पंखा पाणी छान गार करतो, पण बाष्पीभवन इतकं होतं की ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) अडकला तर खारटपणा चढतो. पावसाळ्यात दमट हवेत तोच पंखा फारसा उपयोगाचा नसतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर निदान एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर हवा.

फ्लोरिडाचा रोग कोथरूडला आणणं

२०१४ मध्ये मायामीजवळ दिसलेल्या कठीण प्रवाळांच्या टिश्यू-लॉस रोगावर तिथले लोक जखमेच्या कडेला अमॉक्सिसिलिनची पेस्ट लावतात. ते वाचून इथे कोणी मेडिकलमधून कॅप्सूल आणून थेट टँकमध्ये टाकतं. तो रोग फ्लोरिडा-कॅरिबियन भागातला, त्यातून अ‍ॅक्रोपोरा सहसा वाचतात. टँकभर अँटिबायोटिक टाकलं तर नायट्रिफिकेशन करणारे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) बॅक्टेरिया मरू शकतात आणि अमोनियाचं नवं संकट उभं राहतं.

आरटीएन चालू असेल तर खरा उपाय कात्री आहे. पांढऱ्या रेघेपासून दीड-दोन सेंटिमीटर वर, निरोगी भागात कापा, नवीन प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवा, मध्यम उजेडात ठेवा. एसटीएनमध्ये इतकी घाई नको. रोज त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो काढा. आठ दिवस रेघ हलली नाही तर हात खिशात ठेवा.

रिकाम्या जागी नवीन फ्रॅग (कोरलचा तुकडा) आणताना कागद मागा. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, आणि परदेशातून आलेल्यांना सायटिसची (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) परवानगी लागते. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही उचलून आणू नका. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.